बटण दाबून पळायचं नाही : पोरांना सायन्स सेंटर कसं दाखवावं

सातवीत असताना शाळेच्या सहलीतून मी पहिल्यांदा वरळीचं नेहरू सायन्स सेंटर बघितलं, म्हणजे बघितलं असं आपलं म्हणायचं, खरं तर पुढच्या पोराची मान बघितली. दोघादोघांची रांग, पुढे बाई, मागे सर आणि दर दोन मिनिटांनी बाईंचा आवाज, "कोणी कशाला हात लावायचा नाही हां." आता जिथे सगळं हात लावण्यासाठीच मांडून ठेवलंय तिथे हात लावायचा नाही म्हणजे पाणीपुरीच्या गाडीवर जाऊन नुसतं बघून परत यायचं. दीड तासात सगळ्या गॅलऱ्या उरकल्या, बाहेर डबे खाल्ले, बसमध्ये अंताक्षरी, संपली सहल.

नंतर वीसेक वर्षांनी साताऱ्याहून भाचा आणि भाची सुट्टीला आले, त्यांना घेऊन गेलो तेव्हा मी त्याच्या बरोब्बर उलटी चूक केली. सोडलं मोकळं. दोघं सुसाट, एक बटण दाबलं की ते काय करतंय हे बघायच्या आत दुसऱ्या बटणाकडे, आणि तासाभरात "मामा झालं, आता भूक लागली". घरी आल्यावर बहिणीने फोनवर विचारलं काय काय बघितलं, तर भाचा म्हणाला "खूप बटणं होती". त्यानंतर बऱ्याच सुट्ट्यांत बऱ्याच पोरांना नेलंय, सोसायटीतली, ऑफिसातल्यांची, त्यातून जे जमत गेलं ते इथे लिहून ठेवतोय. लांबलंय थोडं, पण जायच्या आदल्या दिवशी वाचलंत तरी चालेल.

जायचं कसं, कधी

आधी एक गोंधळ मिटवतो कारण दर वेळी कोणीतरी फसतंच. वरळीत नेहरूंच्या नावाच्या दोन वेगळ्या जागा आहेत. एक नेहरू तारांगण, ते ॲनी बेझंट रोडवर, गोल घुमटवालं, तिथे खुर्चीत रेलून वर तारे बघायचे. दुसरं नेहरू सायन्स सेंटर, ते डॉ. ई. मोझेस रोडवर, आपण बोलतोय ते हे. टॅक्सीवाल्याला नुसतं "नेहरू" सांगितलंत तर तो त्याच्या मनाने कुठेही सोडेल, म्हणून "ई. मोझेस रोड, सायन्स सेंटर" असं पूर्ण सांगा. दोन्ही एका दिवसात करायचा मोह होतो, करू नका, दुसऱ्या ठिकाणी पोरं झोपतात (तारांगणात तर अंधारच असतो, मोठेही झोपतात).

लोकलने येणार असाल तर महालक्ष्मी स्टेशन, वेस्टर्नची स्लो पकडा, फास्ट तिथे थांबत नाही. सेंट्रलवाल्यांनी दादरला बदलायची. महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट दिसतो, पोरं तिथेच दहा मिनिटं अडकतात, अडकू द्या. आता मेट्रो ३ पण झालीय, तिचं सायन्स सेंटर नावाचं स्टेशनच आहे, पावसात किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर तेच बरं.

डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, तेव्हा आठवड्यात सकाळी गेलात तर प्रत्येक मॉडेलपुढे चाळीस पोरं आणि एक घामाघूम बाई. त्या महिन्यांत दुपारनंतर जा, सहलीच्या बस परत निघालेल्या असतात. तिकिटाचे दर आणि थ्रीडी शो वगैरेच्या वेळा बदलत राहतात त्यामुळे त्या मी देत नाही, निघायच्या आधी सेंटरच्या साइटवर बघून घ्या.

बरोबर काय घ्यायचं तर पाणी, टोपी, एक छोटी वही-पेन्सिल, तीस सेंटिमीटरची पट्टी आणि हातभर सुतळी. पट्टी आणि सुतळी कशाला ते पुढे येतं. शूज लेसवाले घाला, सँडल पायातून निघून फिरत्या स्टुलाखाली जाते, स्वानुभव.

आधी बाहेर, मग आत

बहुतेक जण तिकीट काढलं की थेट इमारतीत घुसतात, बाहेरचं पार्क शेवटी बघू म्हणतात आणि शेवटी कोणाच्या पायात जीव नसतो. उलटं करा. तसंही या जागेचा इतिहास बाहेरूनच आत आलाय. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं एक प्रदर्शन इथे सुरू झालं, १९७९ मध्ये मोकळ्या हवेतलं सायन्स पार्क झालं, आणि आख्खं सेंटर लोकांसाठी उघडलं ते ११ नोव्हेंबर १९८५ ला, तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते. म्हणजे बाग थोरली, गॅलऱ्या धाकट्या. शिवाय मे महिन्यात अकरा वाजल्यानंतर बाहेरच्या लोखंडी वस्तूंना हात लावला की विज्ञान नाही, चटका कळतो. म्हणून सकाळी उघडल्याबरोबर बाहेर, ऊन चढलं की आत पंख्याखाली.

बाहेर जुनं रेल्वे इंजिन आहे, ट्राम आहे, विमान आहे, फोटोबिटो काढून होऊ द्या, मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली एवढं सांगितलंत तरी आजोबा बरोबर असतील तर पुढचा अर्धा तास तेच बोलतील. पण खरी मजा हाताने करायच्या वस्तूंत आहे.

आता मुख्य गोष्ट : आधी अंदाज, मग हात

हा एकच नियम आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. कुठल्याही मॉडेलपाशी गेलं की बटण, दांडा, चाक, जे काय असेल त्याला हात लावायच्या आधी प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं की आता काय होईल. चूक-बरोबर काही नाही, फक्त बोलायचं. आणि मग करायचं. आणि अंदाज चुकला तर ते परत करायचं, निदान तीनदा, दर वेळी एक गोष्ट बदलून, म्हणजे जोरात, हळू, उलट्या बाजूने असं.

यात जादू अशी काही नाही. नुसतं बटण दाबलं आणि दिवा लागला तर पोरगं म्हणतं "बरं", आणि जातं पुढे. पण ते आधी म्हणालं असेल की दिवा लागणार नाही आणि लागला, तर त्याला राग येतो. मला तो राग हवा असतो. रागावलेलं पोरगं त्या वस्तूपाशी दहा मिनिटं थांबतं, खाली वाकून बघतं, मागच्या बाजूला जाऊन वायर कुठे गेलीय ते शोधतं.

दुसरं म्हणजे आकडा ठरवा. सेंटरमध्ये पाचशेच्या वर वस्तू आहेत, त्या सगळ्या एका दिवसात बघणारा माणूस मी अजून पाहिला नाही. तासाला पाच-सहा, दिवसाला पंधरा, बस. "पैसे दिलेत तर सगळं बघून जाऊ" हे डोक्यातून काढा, बुफेत पण आपण सगळं खात नाही (काही जण खातात, मला माहितेय).

कुठे थांबायचं

गॅलरीवार यादी देत नाही कारण वस्तू बदलतात, जागा बदलतात, आणि रोज शेकडो हात लागणारी गोष्ट म्हटल्यावर काहीतरी दुरुस्तीला बंद असणारच, त्यावर चिडू नका. खाली लिहिलेले प्रकार जगातल्या बहुतेक अशा सेंटरमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतात. दिसला की थांबायचं.

समोरासमोरच्या दोन मोठ्या थाळ्या : एकमेकींकडे तोंड करून लांब लांब उभ्या केलेल्या मोठ्या वाट्यांसारख्या थाळ्या. एकाने एकीच्या मध्यापाशी तोंड नेऊन कुजबुजायचं, दुसऱ्याने त्या टोकाला कान लावायचा, मधे शंभर माणसं गोंगाट करत असली तरी ऐकू येतं. इथे पोरांना ओरडू देऊ नका, ओरडलं तर काय साधंच ऐकू येईल. कुजबुजायलाच सांगा, आणि मग सांगा की आता तोंड थाळीपासून एक हात बाजूला ने आणि तेवढंच हळू बोल. ऐकू येणं बंद होतं. म्हणजे थाळीला एक ठराविक बिंदू आहे, तिथून निघालेला आवाज थाळीवर आपटून सरळ समांतर जातो, पसरत नाही, आणि पलीकडची थाळी तो परत एका बिंदूवर गोळा करते. घराघरांवरच्या डिश अँटेनाच्या पुढे तो छोटा दांडा का असतो हे भाच्याने परतीच्या ट्रेनमध्ये खिडकीतून बघून स्वतः सांगितलं, मी तोंड उघडलं नव्हतं.

कप्पीच्या खुर्च्या : खुर्चीत बसून दोरी ओढून स्वतःलाच वर उचलायचं. शेजारी शेजारी दोन-तीन खुर्च्या असतात, एकीला कप्प्या कमी, एकीला जास्त. सगळे म्हणतात "ही सोपी, ती जड" आणि उतरतात. तिथे थांबवायचं आणि म्हणायचं, आता दोरी मोज. एका खुर्चीत हातभर वर जायला किती हात दोरी ओढावी लागली, दुसरीत किती. जी हलकी वाटते तिची दोरी संपता संपत नाही. वजन चार पदरांवर टांगलेलं असेल तर जोर चौथाई लागतो पण दोरी चौपट ओढावी लागते, निसर्ग सूट देतो ती हप्त्याने वसूल करतो. गावच्या विहिरीवरची एकटी कप्पी जोर कमी करत नाही, फक्त वर ओढायच्या ऐवजी खाली ओढू देते, हे सांगितल्यावर माझी भाची म्हणाली मग आज्जीने इतकी वर्षं उगाच. उगाच नाही गं, खाली ओढताना आपलं वजन कामी येतं, पण तिला ते पटलं नाही अजून.

चढावर घरंगळणारा डमरू : नाव डमरू, पण आकार खऱ्या डमरूच्या उलटा, दोन शंकू बुडाला बुड जोडलेत, मधे फुगीर, टोकांना निमुळता, आणि तो दोन रुळांवर ठेवला की आपोआप चढ चढतो. ही माझी सर्वात लाडकी वस्तू. पोरं म्हणतात मॅग्नेट आहे, मोटर आहे, वारा आहे. काही बोलू नका. फक्त म्हणा की खाली बस, डोळा रुळाच्या उंचीला आण आणि डमरूच्या टोकाकडे बघ, रुळाकडे नको. रूळ चढत जातात हे खरं, पण ते एकमेकांपासून लांबही जातात, त्यामुळे डमरू दोन रुळांच्या मधे खाली खाली बसत जातो आणि त्याचं टोक प्रत्यक्षात उतरत असतं. इथे सुतळी काढा, टोकाची जमिनीपासूनची उंची सुरुवातीला आणि शेवटी मोजा. मोजून फरक दिसला की पोरांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दोन घसरगुंड्यांची शर्यत : एक रूळ सरळ तिरका, दुसरा आधी एकदम खोल उतरून मग सपाट होत जाणारा. दोन्हींची सुरुवात आणि शेवट एकाच उंचीला. दोन गोट्या एकदम सोडायच्या. इथे वडापावची पैज लावा. जवळपास सगळे सरळ रुळावर लावतात कारण तो रस्ता आखूड, आणि जिंकते वाकडी. सुरुवातीलाच खोल उतरल्याने तिला वेग आधी मिळतो आणि तो पूर्ण रस्ताभर कामी येतो. सर्वात कमी वेळ लागणारा वळणदार रस्ता कोणता हे कोडं योहान बेर्नुली नावाच्या गणितज्ञाने १६९६ मध्ये युरोपातल्या विद्वानांना घातलं होतं, त्यामुळे आपण हरलो तर फार वाईट वाटून घ्यायचं नाही. मी वडापाव दिलेत बरेच.

तांब्याच्या पाइपातला मॅग्नेट : पाइपात साधा लोखंडाचा तुकडा टाकला तर खटकन खाली, मॅग्नेट टाकला तर तरंगत तरंगत, लिफ्टमध्ये बसल्यासारखा येतो. मीटरभर पाइपात साधी वस्तू अर्ध्या सेकंदाच्या आत पडते, याला कितीतरी जास्त वेळ लागतो. आधी मॅग्नेट पाइपाला बाहेरून लावून बघायला सांगा, चिकटत नाही! मग आत कोण धरतंय त्याला? हलणाऱ्या मॅग्नेटमुळे तांब्यात गोल गोल फिरणारे विजेचे प्रवाह तयार होतात आणि त्या प्रवाहांचं चुंबकत्व मॅग्नेटलाच अडवतं. थांबला की प्रवाह संपला, म्हणून पूर्ण थांबत कधीच नाही. याच कुळातली गोष्ट मुंबईच्या लोकलमध्ये आहे, ब्रेक लागतो तेव्हा मोटरच जनरेटर होते आणि वीज परत वरच्या वायरमध्ये जाते. टीनएजर बरोबर असेल आणि मोबाइल सोडत नसेल तर त्याला इथे स्लो मोशन व्हिडिओ काढायचं काम द्या, शर्यतीचा पण काढू द्या, मोबाइल हिसकावण्यापेक्षा कामाला लावलेला बरा.

रंगीत सावल्या : पांढऱ्या भिंतीवर लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे. तिन्ही मिळून भिंत पांढरी दिसते, आणि मधे हात धरला की सावल्या काळ्या नाही, आकाशी, गुलाबी आणि पिवळ्या पडतात. इथे अंदाज हमखास चुकतो, मोठ्यांचाही. युक्ती म्हणजे एक एक दिवा दुसऱ्या हाताने झाकून बघायचं. जिथे निळ्याची सावली तिथे लाल आणि हिरवा पोचतोय, आणि लाल अधिक हिरवा प्रकाश म्हणजे पिवळा. चित्रकलेच्या तासाला लाल आणि हिरवा रंग मिसळून शेणाचा रंग येतो हे माहीत असलेलं पोरगं इथे भांडतं, आणि भांडू द्यावं, रंग प्रकाश खातो आणि दिवा प्रकाश देतो एवढाच फरक आहे पण तो पचायला वेळ लागतो. लहान पोरं असतील तर सावल्यांचे कुत्रे-हरणं करत बसतील, तेही ठीकच.

फिरतं स्टूल : हातात वजनं घेऊन हात पसरून बसायचं, कोणीतरी हळू फिरवायचं, मग हात छातीशी घ्यायचे. गरकन वेग वाढतो. जेवल्यानंतर लगेच नको, एवढंच सांगतो, जास्त खोलात जात नाही.

आरसे, हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू, हात ठेवला की बोटांकडे वीज येते तो काचेचा गोळा, हे कोणालाच दाखवावं लागत नाही, पोरं आपोआप चिकटतात. चेंडूपाशी फक्त एवढं करा, झोत तिरका करता येत असेल तर हळूहळू तिरका करत जा आणि कुठे पडतो ते बघा, बऱ्याच तिरक्यालाही तो पडत नाही. चेंडू बाहेर सरकायला लागला की हवा त्याला चिकटून वळते आणि बाहेर फेकली जाते, तिच्या उलट चेंडू आत ढकलला जातो.

आणि कुठे फूकोचा लोलक भेटला, म्हणजे उंचावरून लोंबणारा जड गोळा जो हळूहळू आपल्या झोक्याची दिशा बदलतो, तर त्याच्यासाठी मात्र वेगळं तंत्र. आल्या आल्या त्याची दिशा वहीत काढून ठेवायची, निघताना परत बघायचं. समोर उभं राहिलं तर काहीच होत नाही असं वाटतं. दिल्लीच्या नव्या संसद भवनात असा एक आहे, तो नॅशनल कौन्सिल ऑफ सायन्स म्युझियम्सने बनवलाय, आपलं वरळीचं सेंटर पण त्याच संस्थेचं. दिल्लीच्या त्या लोलकाला एक फेरी पूर्ण करायला जवळजवळ ५० तास लागतात, मुंबईत तसाच टांगला तर हिशेबाने ७३-७४ तास लागतील, कारण विषुववृत्ताच्या जवळ जावं तसं हे वळणं मंदावतं. नववी-दहावीच्या पोराला हे का ते शोधायला सांगा आणि उत्तर सांगू नका.

मोठ्यांनी काय करायचं नाही

पाटी वाचून दाखवायची नाही. ही माझी कळकळीची विनंती. बाबा लोक ही चूक जास्त करतात, पोरगं दांडा फिरवतंय आणि बाबा मागून "हे बघ इथे लिहिलंय, अँग्युलर मोमेंटम म्हणजे". झालं, पोराचा हात सुटतो, मान डोलावतो, संपलं. पाटी शेवटी, पोराने विचारलं तर, आणि आपल्याला उत्तर येत नसेल तर सरळ म्हणा "मला पण नाही माहीत, वाचूया". यात कमीपणा नाही. मी तर कधी कधी येत असूनही नाही म्हणतो.

"हे तुमच्या सिलॅबसमध्ये आहे ना?" हेही नको.

आणि आपल्या पोराच्या मागे उभं असलेलं दुसरं पोरगं वाट बघतंय का याकडे लक्ष ठेवा, हे मात्र आपलं काम आहे. तीन वेळा करून झालं की बाजूला, पाहिजे तर परत रांगेत. कधी कधी या अनोळखी पोरांचीच जोडी जमते, कुजबुजायच्या थाळ्यांपाशी तर पलीकडे कोणीतरी लागतंच. वय सहाच्या आतलं असेल तर नियमबियम सोडा, आरसे, पाणी, चेंडू, आवाज एवढंच, दोन तासांत घरी. नऊ ते तेरा हे सोन्याचं वय, तेव्हा नेलंच पाहिजे.

रांगेतले खेळ

तिकिटाची रांग, शोची रांग, वॉशरूमची रांग, पट्टी यासाठी आणलीय. एकाने पट्टी वरून धरायची, दुसऱ्याने शून्यापाशी बोटं उघडी ठेवायची, न सांगता सोडायची, कुठे पकडली ते बघायचं. पंधरा सेंटिमीटरवर पकडली म्हणजे साधारण ०.१७ सेकंद, वीसवर म्हणजे ०.२. मग पाचशेची नोट उभी धरा, पोराची बोटं नोटेच्या मध्यावर, आणि म्हणा "पकडलीस तर तुझी". मध्यापासून खाली साडेसात सेंटिमीटरच राहतात, तेवढं पडायला साधारण ०.१२ सेकंद लागतो, म्हणजे डोळ्याने बघून बोटं मिटायच्या आत नोट गेलेली असते. आजवर एकदाही पैसे गेले नाहीत. फक्त सोडताना तुमचा चेहरा बदलू देऊ नका, एक पोरगी माझ्या भुवया बघून पकडायच्या बेतात आली होती.

वहीत एक ठिपका आणि त्याच्या डावीकडे सात सेंटिमीटरवर एक फुली काढा. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडे बघत वही हळूहळू जवळ आणा, साधारण पाव मीटरवर आली की उजवीकडचा ठिपका गायब होतो. डोळ्यातून नस जिथे बाहेर पडते तिथे दिसायची सोयच नसते. पाच मिनिटं शांतता मिळते.

मुंबईत राहत नसाल तर

नागपूरला गांधीसागर तलावासमोर रमण विज्ञान केंद्र आहे, गोव्यात मिरामारला गोवा सायन्स सेंटर आहे (समुद्रावर जाण्याआधी जा, नंतर अंगभर वाळू), चिंचवडला पिंपरी-चिंचवड सायन्स पार्क आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता बरीच वर्षं होते, काडेपेटी, स्ट्रॉ, जुन्या सायकलच्या ट्यूब यातून केलेली त्यांची खेळणी इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही भरपूर आहे, सेंटरला जाणं शक्यच नसेल तर तिथून सुरुवात करा.

आणि तिकडे बे एरियात बसून वाचणारे मराठी लोक असतील त्यांच्या तर दारातच या सगळ्याचं मूळ आहे. सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी सुरू केलं, अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपेनहायमरचा धाकटा भाऊ. डाव्या विचारांच्या भूतकाळावरून १९४९ मध्ये विद्यापीठातली नोकरी गेली, मग हा फिजिक्सचा माणूस कोलोरॅडोत गुरं राखत होता, पुढे तिथल्याच शाळेत आणि मग विद्यापीठात शिकवायला लागला, आणि विद्यापीठात पोरांसाठी मांडलेल्या प्रयोगांच्या संग्रहातून म्युझियमची कल्पना आली. त्यांनी मॉडेलं कशी बनवायची हे लपवून न ठेवता पाककृतीसारखी पुस्तकं काढून वाटलं, म्हणून तिकडे पाहिलेली वस्तू इकडेही ओळखीची वाटते. २०१३ पासून ते पिअर १५ वर आहे. सुट्टीत नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांनी मॉलऐवजी तिकडे जावं.

घरी आल्यावर

त्याच दिवशी नको, सगळे दमलेले असतात. दोन दिवसांनी विचारा, काय खोटं वाटलं होतं? "काय आवडलं" नाही विचारायचं, त्याला "सगळं" हे उत्तर ठरलेलं असतं. जे खोटं वाटलं होतं ते घरात करून बघायचं.

डमरूसाठी दोन सारखी नरसाळी तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडा, झाडूच्या दोन काठ्या इंग्रजी व्ही सारख्या ठेवा, मिटलेलं टोक एका पुस्तकावर आणि उघडं टोक त्याहून किंचित उंच. चढ फार दिला तर चढणार नाही, पुस्तकं कमी-जास्त करत बसावं लागतं, आणि तो बसण्याचा वेळच कामाचा. हवेतल्या चेंडूला हेअर ड्रायर आणि टेबल टेनिसचा बॉल पुरतो, ड्रायर थंड हवेवर ठेवा.

कपडे वाळत घालायच्या दोरीला सारख्या लांबीच्या सुतळीने दोन कांदे टांगा, हातभर अंतराने, आणि एकालाच झोका द्या. थोड्या वेळाने दुसरा आपोआप हलायला लागतो, पहिला जवळजवळ थांबतो, मग परत उलटं. सुतळीची लांबी वेगळी केली की हा खेळ नीट होत नाही. आमच्याकडे आईने कांदे काढून भाजीत टाकले तेव्हा प्रयोग संपला.

आणि शेवटी बाटल्यांची शर्यत. सारख्या दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या, दोन्हींत सारखंच पाणी, एक फ्रीजरमध्ये उभी ठेवून गोठवायची, मग दोन्ही तिरक्या फळीवरून एकदम सोडायच्या. आधी अंदाज, मग हात. पाण्याची जिंकते, कारण आतलं पाणी बाटलीबरोबर फिरत नाही, नुसतं पुढे सरकतं, बर्फाला मात्र सगळंच्या सगळं फिरवावं लागतं. बाटली गोठवताना वर चार बोटं जागा रिकामी सोडा, बर्फ पसरतो. आम्ही नव्हती सोडली, आणि ताईच्या फ्रीजरमध्ये मटार होते.